नसीम आपांची कोरी प्लेट

मेलेली प्लेट बघून खूश होणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या नसीम आपा. सकाळी नऊला जालन्याच्या बियाणे कंपनीतल्या आमच्या लॅबमध्ये शिरल्या की बुरखा खुंटीला, चपला दाराबाहेर, ॲप्रन अंगात, आणि सरळ ग्रोथ रूमच्या, म्हणजे प्लेटा वाढायला ठेवायच्या खोलीच्या, सगळ्यात खालच्या फळीपाशी उकिडव्या बसायच्या. तिथं एक चपटी प्लेट ठेवलेली असायची. तिच्यातले कापसाच्या पेशींचे गोळे काळे पडलेले दिसले की समाधानानं म्हणायच्या, "मेले. बिलकुल मेले. चला, आता च्या घेऊ." पहिल्या दिवशी मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते.

हे कळायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. कापसाच्या रोपाचा तुकडा घ्यायचा, साखर आणि खतपाणी घातलेल्या जेलीवर ठेवायचा, त्याच्या पेशींचे गोळे वाढवायचे आणि त्या पेशींमध्ये एक नवं जनुक घालायचं. लाखो पेशींतल्या मोजक्याच ते घेतात. कुणी घेतलं, कुणी नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जनुकाच्या जोडीला पेशीला वाचवणारं आणखी एक जनुक घालतात आणि जेलीत अँटिबायोटिक मिसळतात. ज्यांनी घेतलं त्या पेशी जगतात, बाकीच्या मरतात. आमच्याकडे त्या अँटिबायोटिकला सगळे 'औषध'च म्हणायचे. आणि कोरी प्लेट म्हणजे ज्या पेशींत काहीच घातलेलं नाही, त्या त्याच औषधावर ठेवलेल्या. त्या मेल्याच पाहिजेत. मेल्या तर औषध चोख. जगल्या, तर बाकीच्या प्लेटांत जे काही जगलंय त्यातल्या कशावरच भरवसा ठेवायचा नाही.

आपा मूळच्या जाफराबादच्या. उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. जालन्यात एका खोलीत एकट्या राहायच्या. बाटल्या धुवायला म्हणून लॅबमध्ये लागल्या होत्या आणि वीसेक वर्षांत जेली करण्याची खोली आणि औषधांचा फ्रीज दोन्ही त्यांच्या ताब्यात आले होते. मी वाटूरची. एमएस्सी करून तिथं कंत्राटावर लागले तेव्हा माझ्या नावापुढं सायंटिस्ट लिहिलेलं होतं आणि ते मला फार आवडायचं. मी माझं टेबल पुसून घेतलं, पाटी सरळ केली आणि आपांना सांगितलं, "मला औषधाची एक नळी द्या."

त्यांनी डीप फ्रीझरमधून बोटभर नळी काढून दिली. आत कॅनामायसिन गोठलेलं. मला घाई होती. मी नळी मुठीत घट्ट दाबली आणि वर तोंडाची वाफ दिली.

"ए बाई! सोड ती."

मी दचकून सोडली. आपांनी नळी उचलली आणि बर्फाच्या डब्यात उभी केली.

"बर्फात ठिवायची. हळूहळू वितळू द्यायची. तुला जल्दी असंल, औषधाला न्हाई."

"पाच मिनिटांत वितळलं असतं, आपा."

"वितळलं अस्तं. बरोबर राह्यलं अस्तं का, ते कुनी सांगायचं? तुझ्या डिगरीत हे शिकवलं न्हाई वाटतं."

भास्कर, म्हणजे आमचा ऑटोक्लेव्ह, वाफेनं सगळं निर्जंतुक करायचं यंत्र, चालवणारा केदारखेड्याचा माणूस, तोंड फिरवून हसला. मला इतका राग आला की संध्याकाळी मी मुद्दामच त्या नळीतलं उरलेलं औषध गुपचूप परत डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. फेकायचं कशाला, चांगलं अर्धं शिल्लक होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर ती नळी उभी. आपा प्रत्येक नळीच्या झाकणावरून खालपर्यंत पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढून ठेवायच्या. झाकण एकदा फिरलं की रेघ जुळत नाही. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"एकदा गोठवायचं, एकदा वितळवायचं, बास. उरलं तर फेकायचं. ह्या नळीनं तू काम केलं अस्तं ना वर्षा, तर औषध कमजोर, आन् कमजोर औषध लई वाईट. औषध बिलकुल नसलं तर कळतं तरी. कमजोर असलं तर कुनी मरत न्हाई, आन् तू म्हनतीस वा वा, सगळे जगले."

मोठ्या बाटलीतलं औषध आलं की आपा त्याच्या पन्नास-साठ छोट्या नळ्या करून ठेवायच्या ते याच्यासाठी. एका दिवसाला एक नळी. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर औषधाचं नाव, ताकद आणि तारीख. शाई पुसली जाते म्हणून पेन्सिल. त्यांचे इंग्रजी आकडे सुंदर होते, अक्षरं मात्र पहिलीतल्या पोरासारखी. कुणावर राग आला की बोलायच्या नाहीत, आदळआपटही नाही. त्या दिवशीच्या नळ्यांवर तारखा मोठ्या मोठ्या काढायच्या. आम्ही सकाळी फ्रीज उघडूनच ओळखायचो की आज जपून राहायला पाहिजे.

नवी बाटली आली की तिचा पहिला मान कोऱ्या पेशींचा. थोडं औषध, जरा जास्त, त्याहून जास्त, असं आठ प्लेटांत घालून बघायच्या की नेमक्या कितव्या प्लेटीपासून सगळं मरतं. तोवर ती बाटली कुणाला मिळायची नाही. आमचे मुळे साहेब, लॅबचे प्रमुख, डॉक्टरेट मिळवलेले, बोलायला गोड पण घाईचे, ते म्हणायचे, "आपा, डब्यावर लिहिलंय की किती घालायचं." त्यावर आपांचं ठरलेलं उत्तर, "डब्यानं आपला कापूस पाह्यला का साहेब?"

जेलीचं तर विचारूच नका. ऑटोक्लेव्हमधून बाटल्या निघाल्या की जेली उकळती असते. तेव्हा औषध घातलं तर उष्णतेनं वाया जातं, आणि फार गार होऊ दिली तर जेली धरते आणि औषध मिसळत नाही. आपा बाटली फडक्यात धरून गालाला लावायच्या. डोळे मिटून. मग एकदम म्हणायच्या, "घाल." साहेबांनी एकदा नवं थर्मामीटर आणलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. आपांच्या गालाचा अंदाज दर वेळी बरोबर निघाला. साहेब हसले, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि आपांनी दुसऱ्या दिवसापासून गालाला बाटली लावणं बंद करून थर्मामीटर वापरायला सुरुवात केली. मला काही कळेना.

"आपा, तुमचा गालच चांगला होता की."

"आज चांगला हाय. उद्या ताप आला मला, तर?"

त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या, उगाच तसं लिहायचं नाही मला. तिखट होत्या. त्यांचा चहाचा कप कुणी घेतला तर दिवसभर धुसफुस. भास्करला त्या ज्या शब्दांत झापायच्या ते इथं लिहिता येणार नाहीत. गूळ-शेंगदाणे पदराच्या गाठीत बांधून आणायच्या आणि एकट्या खायच्या, द्यायच्या नाहीत. मात्र माझी पाळी आली की न मागता गरम पाण्याची पिशवी टेबलाखाली येऊन पडायची. वाटूरहून आईचा फोन आला आणि लग्नावरून वाद होऊन मी रडत बसले की त्या शेजारी बसून नळ्यांवर पट्ट्या चिकटवत राहायच्या. पंधरा-वीस पट्ट्या झाल्या की, "झालं का रडून? मंग ऊठ."

त्यांच्या आणखी एका सवयीनं पुढं सगळा घात केला, म्हणून ती सांगते. जालन्यात उन्हाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं. जनरेटर ग्रोथ रूमपुरताच होता. मे महिन्यात साधा फ्रीज तासाभरात कोमट होतो. डीप फ्रीझर मात्र भरलेला असला आणि झाकण उघडलं नाही तर दीड-दोन दिवस आतला बर्फ धरून ठेवतो. तर आपांचा नियम असा की लाईट तासाभरात आली नाही, की साध्या फ्रीजमधलं सगळं डीप फ्रीझरमध्ये हलवायचं, वर बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून घालायची आणि गोधडीनं झाकायचं. त्या गोधडीवर भास्करला बसवायच्या, म्हणजे झाकण कुणी उघडणार नाही. किती उन्हाळे लॅबची औषधं या एका युक्तीनं वाचली होती. दुसऱ्या कंपन्यांतले लोकसुद्धा ते शिकून गेले होते.

मग साहेबांनी औषध बदललं. कॅनामायसिनला कापसाच्या पेशी नीट दाद देत नव्हत्या, म्हणून हायग्रोमायसिन मागवलं. तपकिरी बाटली, तयार पातळ औषध, सोबत घडी घातलेला इंग्रजी कागद. आपा असा कागद कधी सोडायच्या नाहीत. त्यांना इंग्रजी अडखळत यायचं, म्हणून त्या माझ्यासमोर बसायच्या आणि मी वाचून मराठीत सांगायचे. तो शनिवार होता. मला वाटूरची गाडी गाठायची होती, घरी पाहुणे बघायला येणार होते.

"सांग."

"विषारी आहे, हातमोजे घालायचे. उजेडात ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं. फ्रीजमध्ये टिकतं."

"डीपमधी न्हाई?"

"नाही, साध्या फ्रीजमध्ये."

"अजून काय?"

कागदाच्या शेवटी एक ओळ होती. गोठवू नये, गोठल्यास ताकद जाते. मी ती वाचली. डोळ्यांनी वाचली. पण मी नुकतंच सांगितलं होतं की साध्या फ्रीजमध्ये, त्यात ते आलंच, असं मनात म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

"बाकी काही नाही," मी म्हणाले आणि कागद ॲप्रनच्या खिशात कोंबला.

आपांनी त्यांच्या रीतीनं त्या बाटलीच्याही छोट्या नळ्या केल्या, साध्या फ्रीजमध्ये ठेवल्या, कोऱ्या पेशींवर ताकद तपासली. पाचव्या प्लेटीपासून सगळं मेलं. "चोख हाय," म्हणाल्या. आम्ही कामाला लागलो.

मे महिन्यात वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले आणि दोन दिवस लाईट नव्हती. मी तेव्हा वाटूरला होते. परत आले तर आपा लॅबमध्ये बसल्या होत्या, डोळे तारवटलेले.

"सगळं वाचवलं बघ. दोन दिस घरी गेले न्हाई. भास्कर आन् मी, बर्फाच्या सात लाद्या आनल्या."

"नवं औषधसुद्धा डीपमध्ये ठेवलं होतं?"

"मंग? बाहेर उकडून मरू देऊ? आज सकाळी लाईट आली, बर्फात ठिवून वितळवलं, परत जाग्यावर ठिवलं. एकदाच गोठलं, एकदाच वितळलं."

मला ती ओळ आठवली. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी आठवली, कागदावर ती कुठं होती तेसुद्धा. पण आपांचा चेहरा इतका दमलेला, इतका खूश होता. आणि मीच वाचायची राहिले होते. एकदाच तर गोठलंय, काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं आणि म्हणाले, "छान केलंत, आपा."

जून-जुलैत आमच्या प्लेटांमध्ये चमत्कार दिसायला लागला. एरवी पन्नास प्लेटांमागं तीन-चार गोळे जगायचे. आता प्लेटीमागं प्लेट हिरवी. गोळे आधी जरा पिवळे पडायचे आणि मग उभारी धरायचे. साहेब दिवसातून चारदा येऊन बघायचे. त्यांनी हैदराबादच्या मोठ्या साहेबांना फोटो पाठवले. तिकडून लोक बघायला येणार असं ठरलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की ते लोक येऊन गेले की माझी कायमची ऑर्डर निघेल. तीन वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते. घरी तोवर माझ्यासाठी दोन स्थळं आणून झाली होती, आणि नोकरी कायम झाली तरच मी 'नाही' म्हणू शकत होते. माझं सगळं त्या ऑर्डरवर अडलेलं होतं.

प्लेटा इतक्या झाल्या की फळ्यांवर जागा उरली नाही. वादळानंतरच्या कोऱ्या प्लेटा नुकत्या पिवळ्या पडत होत्या, मेल्या की नाही ते कळायच्या आतच साहेबांनी हुकूम काढला, कोऱ्या प्लेटा बंद. "मरणाऱ्या प्लेटांना जागा कशाला, आपा? जगणाऱ्यांना द्या." आपांनी मान हलवली. पण त्या दिवशीच्या नळ्यांवरच्या तारखा मी बघितल्या. एवढाल्या होत्या.

हैदराबादचे लोक गुरुवारी यायचे होते. मंगळवारी दुपारी आपांनी मला जेलीच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ओट्याखालच्या कपाटात, भांड्यांच्या मागं, एका छोट्या दिव्याखाली एक प्लेट होती. त्यांनी ती काढून माझ्यासमोर धरली. कोऱ्या पेशी. पट्टीवर महिन्याभरापूर्वीची तारीख. त्यांनी ती चोरून ठेवली होती.

"जित्त्या हायेत," आपा म्हणाल्या.

गोळे हिरवे होते. सुरेख हिरवे.

"म्हंजे वरचं सगळं खोटं, वर्षा. एकातबी आपलं जनुक असंल का न्हाई, अल्ला जाने. औषधच कमजोर पडलं. पन कसं? मी काय केलं?" त्या बोटांवर मोजत होत्या, नळ्या, तारखा, उजेड, ताप. मग थांबल्या. "तो कागद हाय का तुझ्यापाशी? परत वाच."

तो माझ्या ॲप्रनच्या खिशातच होता. मी तो काढला आणि वाचला. शेवटची ओळसुद्धा वाचली. आपा ओट्याला टेकल्या. मला वाटलं आता विचारतील, तेव्हा का नाही वाचलीस. त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "गोठवायचं न्हवतं."

आणि मग मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "आपा, ही प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाका. गुरुवार जाऊ द्या. पुढं रोपं झाली की जनुकाची तपासणी होतेच, तेव्हा आपोआप कळेल. तेव्हा कुणाचं नाव येणार नाही. फक्त माझी ऑर्डर हातात पडू द्या. मी तुमच्या पाया पडते."

खरंच पाया पडले. त्यांनी मला धरून उठवलं.

"रोपं व्हायला साल जाईल. सालभर एवढी मान्सं खोट्याला पानी घालतील. आन् मोठे साहेब ह्याच्यावर अजून काम काढतील, त्येबी खोट्यावर." मग म्हणाल्या, "तुझं मला कळतं, पोरी. पन मला हे जमनार न्हाई."

बुधवारी सकाळी त्या ती प्लेट हातात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी आणि भास्कर दारात उभे होतो. वादळात औषध गोठलं होतं, एवढं आपांनी सांगितलं. साहेबांनी प्लेट बघितली, तारीख बघितली आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते जे ओरडले, तसं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"गोठवू नये असं कागदावर स्पष्ट असतं! वाचला नाही कागद? कुणी वाचला होता कागद?"

आपा साहेबांच्या टेबलाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. कागद माझ्या खिशात होता, मी त्यावर हात दाबून धरला होता. दोन शब्द होते, 'मी वाचला'. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

"डीपमधी मी ठिवलं, साहेब," आपा म्हणाल्या. "माझ्या हातानं."

तेवढंच. कागदाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि साहेबांना तेवढं पुरलं. हैदराबादला तोंड दाखवायला त्यांना कुणाचं तरी नाव पाहिजेच होतं. दुपारच्या आत आपांकडून राजीनामा लिहून घेतला. उर्दूत लिहिलेला चालत नव्हता. भास्करनं मराठीत लिहिला, त्यांनी खाली सही केली.

जायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट मागितली. सगळ्या प्लेटा त्यांना स्वतःला नष्ट करू द्याव्यात. नियमानं अशा पेशी बाहेर जाता कामा नयेत, वाफेत मारून मगच फेकायच्या असतात. दुपारभर त्या एकेक प्लेट पिशवीत भरत होत्या, भास्कर ऑटोक्लेव्ह लावत होता. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. तुझे हात खराब होतील." रागानं नाही म्हणाल्या. त्यानं मला जास्तच लागलं. मग बुरखा घेतला, चपला घातल्या, फाटकापाशी क्षणभर थांबल्या, मागं वळून बघितलं, आणि गेल्या.

माझी ऑर्डर चार महिन्यांनी निघाली. साहेब म्हणाले, "तू काळजीनं काम करतेस, तुझ्यावर भरवसा आहे."

आपा जाफराबादला भावाकडे राहायला गेल्याचं कळलं. फोन करायचं मी रोज ठरवायचे. पहिल्या महिन्यात धीर झाला नाही, दुसऱ्यात लाज वाटली, आणि मग अशी दोन वर्षं गेली. भास्कर मात्र केदारखेड्याला जाताना-येताना कधी वाकडी वाट करून त्यांना भेटून यायचा. तो एकदा म्हणाला, आपा लई वाळल्यात. त्या रविवारी मी एसटीत बसले.

भावाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. आपा अंगणात ओल्या गोणपाटावर वाकून बसल्या होत्या. गोणपाटावर सोयाबीनचे दाणे रांगेत मांडलेले. गल्लीतले शेतकरी पेरणीआधी घरचं बियाणं त्यांच्याकडे आणून द्यायचे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्यानं मोड आलेले मोजायचे. वाळल्या होत्या खऱ्या. गालाची हाडं वर आली होती.

"आलीस? बस. पानी पी."

मी पाणी प्यायले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ती शनिवारची गाडी, ती ओळ, वादळानंतर आठवूनही गप्प बसले ते, केबिनच्या दारातलं. रडत रडत सांगितलं. आपा मोजत राहिल्या. रांग संपली तेव्हा मान वर केली.

"ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"मंगळवारीच. तू ती वळ बघून वाचली न्हाई, आधी ठाऊक असल्यावानी वाचली. आन् बुधवारी साहेब वरडून राह्यल्ते तवा मी मुद्दाम तुझ्याकडं पाह्यलं न्हाई. म्हनलं, मी पाह्यलं तर पोरगी घाबरंल. न्हाई पाह्यलं तर बोलंल."

मी ओढणीनं डोळे पुसले.

"मंग फाटकापाशी थांबले जरा. म्हनलं येशील पळत. मंग इथं आल्यावर ईदपस्तोर वाट पाह्यली." त्यांनी दुसऱ्या गोणपाटाची गाठ सोडली. "साहेबाला सांगितलंस का हे?"

"नाही."

"मंग मला काय सांगतीस? मला तर ठाऊकच होतं."

तेवढ्यात एक शेतकरी फाटक ढकलून आत आला. "आपा, माझं किती निघालं?" आपांनी त्याचं गोणपाट उलगडलं, बोटानं मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. "शंभरात एकतीस. हे पेरू नको." तो माणूस हुज्जत घालायला लागला, म्हणे मागच्या सालचं घरचंच बी आहे, सगळीकडून सारखंच येतंय, तुम्ही नीट ठेवलं नसेल. आपा न चिडता त्याला एकेक कुजका दाणा दाखवत बसल्या. मी उठले. "येते, आपा," म्हणाले. त्यांनी हात वर केला, पण बघितलं त्या दाण्यांकडेच. गल्लीच्या वळणावरून मी मागं पाहिलं तेव्हा तो माणूस निघून गेला होता आणि त्या एकट्याच ओलं गोणपाट दोन्ही हातांनी पिळत उभ्या होत्या.

जीपनं जालन्याला आले. सोमवारी साहेब केबिनमध्ये एकटे होते, दार उघडं होतं. मी त्या दारावरून तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "काय गं वर्षा, काही काम होतं का?"

मी म्हणाले, "काही नाही, सर."